कोणत्या मुळाला कोणते कवक?

धिंगरी अळिंबी कशी पिकवतात हे आता बऱ्याच शाळांमध्ये दाखवले जाते. भाताचा पेंढा गरम पाण्याने निर्जंतुक करायचा, त्यात अळिंबीचे बियाणे मिसळायचे, पिशव्या भरून अंधाऱ्या, ओलसर खोलीत टांगायच्या. काही आठवड्यांत अळिंबी फुटते. याच्या उलट उदाहरण छत्तीसगडच्या बस्तर भागातील ‘बोडा’ या अळिंबीचे आहे. पहिल्या पावसानंतर सालवृक्षांच्या जंगलात, मातीत अर्धवट दबलेले हे लहान गोळे आदिवासी स्त्रिया काठीने उकरून गोळा करतात. झारखंडमध्ये यालाच ‘रुगडा’ म्हणतात. बाजारात त्याला चांगला भाव मिळतो. पण पेंढ्याच्या पिशवीत बोडा पिकवणे कुणालाही साधलेले नाही.

कारण साधे आहे. धिंगरीचे कवक मृत पदार्थांवर जगते. बोड्याचे कवक जिवंत झाडाच्या मुळाशी जोडलेले असते आणि झाडाकडून मिळणाऱ्या साखरेवर जगते. झाड तोडले की त्याचा शिधा बंद होतो. पण मग पुढचा प्रश्न येतो. झाडच हवे असेल, तर सालच का? शेजारच्या सागाखाली बोडा का येत नाही? कवकांना झाडांची आवडनिवड असते का, आणि असली तर ती ओळखायची कशी? या लेखात आपण हाच प्रश्न पाहणार आहोत.

मुळावरचा अंगरखा

या विषयाची सुरुवातही खाण्याच्या अळिंबीपासूनच झाली. एकोणिसाव्या शतकात ट्रफल या अतिशय महाग, जमिनीखाली वाढणाऱ्या कवकाची लागवड करता येईल का, हे तपासण्याचे काम प्रशियाच्या शासनाने बर्लिनचे वनस्पतिशास्त्रज्ञ ए. बी. फ्रांक यांच्याकडे सोपवले. ट्रफलची लागवड त्यांना साधली नाही. मात्र जंगलातील झाडांची बारीक मुळे तपासताना त्यांना दिसले की, मुळांची टोके कवकाच्या दाट आवरणात गुंडाळलेली आहेत आणि तरीही झाड निरोगी आहे. १८८५ मध्ये त्यांनी या जोडीला ‘मायकोरायझा’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘मायकेस’ म्हणजे कवक आणि ‘रायझा’ म्हणजे मूळ. हा रोग नसून सहजीवन आहे, हे फ्रांक यांचे म्हणणे सर्वमान्य होण्यास बराच काळ जावा लागला.

आज आपल्याला मायकोरायझाचे अनेक प्रकार माहीत आहेत. जंगलाच्या दृष्टीने त्यांतील दोन महत्त्वाचे. पहिल्या प्रकारात कवक मुळाच्या टोकावर अंगरख्यासारखे आवरण तयार करते आणि आतल्या पेशींच्या मधल्या जागेत जाळे विणते, पण पेशीत शिरत नाही. याला आपण बाह्यकवकमूळ म्हणू. पाइन, स्प्रूस, ओक, बर्च, निलगिरी आणि आपला साल ही या प्रकारची झाडे. दुसऱ्या प्रकारात बाहेर आवरण नसते. कवकतंतू थेट मुळाच्या पेशीत शिरतात आणि तेथे झुडपासारख्या फांद्या फोडतात. याला अंतःकवकमूळ म्हणू. साग, आंबा, चिंच, बाभूळ आणि आपली बहुतेक पिके या गटातील आहेत. जमिनीवरील सुमारे ७० टक्के वनस्पतींमध्ये हा दुसरा प्रकार आढळतो. बाह्यकवकमूळ असलेल्या वनस्पतींच्या जाती जेमतेम २ टक्के आहेत. पण थंड प्रदेशातील अफाट जंगले त्यांचीच असल्याने २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार पृथ्वीवरील एकूण झाडांपैकी सुमारे ६० टक्के झाडे त्यांची आहेत.

देवाणघेवाण दोन्ही प्रकारांत सारखीच. झाड प्रकाशसंश्लेषणातून मिळालेल्या साखरेचा काही भाग देते. कवक आपल्या अतिसूक्ष्म तंतूंनी मातीतील फॉस्फरस, नायट्रोजन आणि पाणी आणून देते. मुळाचा केसही जिथे पोहोचत नाही, तिथे कवकतंतू पोहोचतो.

सागाखाली बोडा का येत नाही, याचे पहिले उत्तर येथेच मिळते. बोड्याचे कवक बाह्यकवकमूळ करणारे आहे आणि साग त्या प्रकारचे झाडच नाही. कुलूप आणि किल्ली वेगवेगळ्या बनावटीची आहेत. पण एकाच प्रकारातल्या दोन झाडांमध्ये कवक निवड करते का? खरा गुंता येथून सुरू होतो.

अंकगणिताचे उत्तर

आधी साधा हिशेब करू. अंतःकवकमूळ तयार करणाऱ्या कवकांच्या आजवर वर्णन झालेल्या जाती काहीशेच आहेत. त्यांच्याशी जोडल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या जाती मात्र दोन लाखांच्या घरात जातात. म्हणजे प्रत्येक वनस्पतीला स्वतःचे खास कवक असणे शक्यच नाही. एका कवकाला अनेक यजमान असलेच पाहिजेत.

बाह्यकवकमुळांचा हिशेब याच्या उलट आहे. तेथे यजमानांच्या सुमारे सहा हजार जाती आणि कवकांच्या जाती त्याहून पुष्कळ अधिक. एकट्या डग्लस फर या उत्तर अमेरिकेतील झाडाशी सुमारे दोन हजार कवकजाती जोडल्या जाऊ शकतात, असा अंदाज अमेरिकन कवकशास्त्रज्ञ जेम्स ट्रॅप यांनी १९७७ मध्ये मांडला होता. अशा गर्दीत निवडकपणाला वाव आहे, आणि तो दिसतोही. सुइलस या वंशातील अळिंब्या प्रामुख्याने पाइनच्या कुलातील झाडांखाली उगवतात. त्यांतीलच सुइलस ग्रेव्हिली ही जात लार्चखालीच सापडते. अल्डर या झाडाशी मोजकीच कवके जोडली जातात आणि त्यांतील बरीच अन्यत्र दिसत नाहीत. दुसऱ्या टोकाला सेनोकॉकम जिओफिलम हे काळे कवक आहे. ते पाइनपासून ओकपर्यंत कोणाच्याही मुळावर घर करते.

म्हणजे आवडनिवड हा ‘आहे किंवा नाही’ असा प्रश्न नाही. ती एक पट्टी आहे. एका टोकाला एकनिष्ठ, दुसऱ्या टोकाला सर्वांशी मैत्री करणारी आणि बाकीची मधे कुठेतरी.

एक नव्हे, तीन प्रश्न

‘या कवकाला हे झाड आवडते’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात तीन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. ते सुटे केल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

पहिला प्रश्न: ही जोडी जुळू शकते का? याचे उत्तर प्रयोगशाळेत शोधतात. स्वीडनचे एलियास मेलिन यांनी १९२० च्या दशकात काचेच्या चंबूत निर्जंतुक रोप आणि शुद्ध कवक एकत्र वाढवून मायकोरायझा तयार करून दाखवला. या पद्धतीने शेकडो जोड्या तपासल्या गेल्या आणि एक गोष्ट लक्षात आली. जंगलात कधीही एकत्र न दिसणारी कवके आणि झाडे चंबूत मात्र पुष्कळदा जुळतात. याचे एक कारण चंबूतील खाद्यातच होते. १९८६ मध्ये डडरिज यांनी लार्चच्या सुइलस ग्रेव्हिलीला ११ प्रकारच्या झाडांच्या रोपांबरोबर वाढवले, एकदा खाद्यात साखर न घालता आणि एकदा साखर घालून. साखर नसताना कवक निवडक राहिले. साखर आयती मिळू लागल्यावर निवडकपणा सैल झाला. घरचे जेवण मिळत असेल, तर यजमान कोण याने फारसे बिघडत नाही! यातून शिक्षकांनी घेण्यासारखा मुद्दा असा की, प्रयोगाची मांडणीच कधी कधी उत्तर बदलते.

दुसरा प्रश्न: जंगलात ही जोडी खरोखर जुळते का? पूर्वी यासाठी कोणत्या झाडाखाली कोणती अळिंबी उगवते याच्या याद्या करत. पण अळिंबी हे कवकाचे फळ आहे. फळावरून मुळाचा अंदाज किती फसवा असू शकतो, हे मोनिक गार्देस आणि टॉम ब्रन्स यांनी कॅलिफोर्नियातील पाइनच्या जंगलात १९९६ मध्ये दाखवले. तेथे जमिनीवर सर्वाधिक अळिंब्या सुइलस पुंजेन्सच्या होत्या. मुळांची टोके काढून त्यांतील डीएनए तपासला, तेव्हा तेथे हे कवक क्वचितच सापडले. उलट मुळांवर विपुल असलेली काही कवके जमिनीवर फारशी दिसतच नव्हती. डीएनए तपासणीमुळे अळिंबीची वाट न पाहता थेट मुळाला विचारता येऊ लागले. २००७ मध्ये जपानमधील मिश्र जंगलात आठ जातींच्या झाडांची मुळे अशी तपासली गेली. एकमेकांचे जवळचे नातलग असलेल्या झाडांच्या मुळांवरील कवकांचे समूह जास्त मिळतेजुळते निघाले. म्हणजे कवकांची निवड पुष्कळदा झाडाच्या जातीपेक्षा त्याच्या घराण्यावर असते.

तिसरा प्रश्न: या जोडीने दोघांचा फायदा होतो का? जोडी जुळली म्हणजे ती दोघांना सारखीच लाभते असे नाही. टोबी कीअर्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका शेंगावर्गीय वनस्पतीच्या मुळांवर अंतःकवकमूळ करणाऱ्या तीन कवकजाती ठेवल्या. जे कवक अधिक फॉस्फरस देत होते, त्याला वनस्पती अधिक कार्बन देत होती. कवकही जे मूळ अधिक साखर देई, त्याला अधिक फॉस्फरस देत होते. तेव्हा आवडनिवड फक्त दारातच ठरत नाही. घरात आल्यावरही हिशेब चालूच राहतो.

दार कसे ओळखतात?

कवकाला डोळे नाहीत, नाक नाही. मग यजमान ओळखायचा कसा? रसायनांवरून. सुइलसची बीजुके नुसत्या खाद्यावर टाकली तर सहसा रुजत नाहीत. १९८७ मध्ये स्वीडनच्या निल्स फ्रीस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, ॲबिएटिक आम्ल दिले तर ती रुजतात. हे आम्ल पाइनच्या राळेत असते. व्हायोलिनच्या गजाला लावायचे रोझिन असते ना, त्याचा तो एक मुख्य घटक. राळेचा हा घटक म्हणजे बीजुकाला मिळालेला निरोप असतो: जवळ पाइनचे मूळ आहे, आता जागे व्हायला हरकत नाही.

हे लाभाचेच आहे. बीजुकातील शिधा अगदी थोडा. भलत्या झाडाच्या मुळाशी रुजले तर उपासमार ठरलेली. पण एकनिष्ठतेत धोकाही आहे. तो एक यजमान जंगलातून गेला, तर कवकही जाते. सर्वांशी मैत्री करणाऱ्याला हा धोका कमी. दोन्ही रीती निसर्गात टिकून आहेत, याचा अर्थ दोन्हींचे फायदे-तोटे परिस्थितीनुसार बदलतात.

परदेशी गेलेले पाइन

ही सर्व चर्चा पुस्तकी वाटेल, पण तिचा खरा धडा लागवडींनी दिला. पोर्तोरिको या बेटावर बाह्यकवकमूळ असलेली पाइनची झाडे मूळची नाहीत. १९३० च्या दशकापासून तेथे पाइन लावण्याचे प्रयत्न झाले. बी रुजत असे, पण रोपे पिवळी पडून खुजी राहत आणि मरत. १९५५ मध्ये अमेरिकेतील पाइनच्या जंगलातील माती आणून काही रोपांना दिली, तेव्हा तीच रोपे हिरवी होऊन झपाट्याने वाढू लागली. माती तीच, हवा तीच, खतही नाही. कमी होते ते कवक.

आता कोणी म्हणेल, तेथे कवकेच नव्हती म्हणून असे झाले. याला अर्जेंटिनातील व्हिक्टोरिया बेटाचे उदाहरण उत्तर देते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे पाइनच्या कुलातील अनेक परदेशी झाडांच्या लागवडी केल्या गेल्या. बी वाऱ्याने दूरवर जात असूनही ही झाडे लागवडीबाहेर फारशी पसरली नाहीत. मार्टिन न्यून्येझ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याचे एक कारण दाखवले. लागवडीपासून दूरच्या मातीत पाइनला लागणारी कवके फारच कमी होती. त्या मातीत रोपे नीट वाढत नव्हती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बेटावर नोथोफॅगस या स्थानिक झाडांचे जंगल आहे आणि त्या झाडांनाही बाह्यकवकमुळेच असतात. म्हणजे जमिनीत त्या प्रकारची कवके होती, पण ती पाइनच्या कामाची नव्हती. योग्य कवक नसणे येथे स्थानिक जंगलाला संरक्षक भिंतीसारखे उपयोगी पडले. जेथे पाइनबरोबर त्याची कवकेही पसरली, अशा दक्षिण गोलार्धातील अनेक ठिकाणी तेच पाइन आक्रमक होऊन बसले आहेत.

एका नावामागे अनेक कवके

निवडकपणाच्या अभ्यासात एक मोठी पंचाईत आहे. ‘एकच’ कवक म्हणजे काय, हे आधी ठरायला हवे. पिसोलिथस टिंक्टोरियस हे याचे उत्तम उदाहरण. निलगिरीच्या लागवडीत तपकिरी, बटाट्यासारखे, फोडले तर भुकटी उडणारे जे गोळे दिसतात, ते या वंशातील कवकाचे. पाइन, ओक, निलगिरी, बाभळीचे ऑस्ट्रेलियन भाऊबंद अशा असंख्य झाडांखाली जगभर ते सापडे. त्यामुळे ‘कोणत्याही झाडाला चालणारे कवक’ अशी त्याची ख्याती झाली. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून रोपवाटिकांमध्ये आणि खाणींच्या उजाड जमिनींवरील वृक्षलागवडीत त्याचा वापरही झाला.

२००२ मध्ये जगाच्या वेगवेगळ्या भागांतील पिसोलिथसच्या डीएनएची तुलना प्रसिद्ध झाली आणि चित्र पालटले. हे एक कवक नसून अनेक जातींचा समूह आहे. काही जाती पाइनबरोबर असतात, काही निलगिरीबरोबर, तर एक केनियातील अफझेलिया या झाडाबरोबर. आपल्या पश्चिम घाटात राळेसाठी प्रसिद्ध असलेला ‘धूप’ म्हणजे व्हॅटेरिया इंडिका हा सालाच्याच कुलातील वृक्ष आहे. त्याच्या सोबतीचे पिसोलिथसही वेगळे असल्याचे दिसून आले आणि २००५ मध्ये त्याला पिसोलिथस इंडिकस हे नाव मिळाले. ज्याला आपण ‘सर्वांचा मित्र’ म्हणत होतो, तो एकसारखे कपडे घातलेल्या अनेक निवडक मित्रांचा घोळका निघाला.

आपल्या वृक्षारोपणासाठी

‘मायकोरायझा’ असे लिहिलेली पाकिटे आता शेतीसाहित्याच्या दुकानांतही मिळतात. वृक्षारोपणासाठी ती घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: यात कोणत्या प्रकारचे कवक आहे? पाकिटात अंतःकवकमुळाचे कवक असेल, तर ते साग, आंबा, कडुलिंब यांच्याशी जुळू शकेल; सालाला किंवा पाइनला त्याचा उपयोग नाही. पिसोलिथस असेल, तर त्याच्या उलट. शिवाय जेथे मूळ जंगल अजून शाबूत आहे, तेथे मातीत योग्य कवके बहुधा असतातच. तेथे त्या मातीचा वरचा थर खरवडून न टाकणे हाच मोठा उपाय. धोका आहे तो वरची माती पूर्ण गेलेल्या खाणींच्या जागी किंवा ज्या प्रदेशात ते झाड कधीच नव्हते तेथे.

‘जंगलातील झाडे कवकांच्या जाळ्यातून एकमेकांना अन्न देतात’ ही गोष्ट हल्ली मुलांच्या पुस्तकांतूनही येते. तिच्यामागे सुझान सिमार्ड यांचा १९९७ चा कॅनडातील प्रयोग आहे. बर्च आणि डग्लस फर ही निरनिराळ्या घराण्यांतली झाडे. पण काही कवके दोघांनाही चालतात, म्हणून त्यांच्यात जाळे संभवते. खुणेचा कार्बन एका रोपातून दुसऱ्यात गेल्याचे त्यांनी दाखवले. मात्र तो कवकतंतूंतून किती गेला आणि मातीतून किती, तसेच घेणाऱ्या झाडाला त्याचा किती लाभ झाला, याबद्दल मतभेद आहेत. उपलब्ध पुरावा या लोकप्रिय दाव्यांना पुरत नाही, असे जस्टिन कार्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवून दिले आहे. वर्गात सांगताना ‘जोडणी संभवते’ आणि ‘झाड झाडाला पोसते’ या दोन विधानांतील अंतर जरूर सांगावे.

वर्गात करता येईल असे

एका कुंडीत कांदा आणि दुसरीत मोहरी लावा. दोन्हींत एकाच शेतातील, रासायनिक खत न घातलेली माती भरा. सहा-सात आठवड्यांनी बारीक मुळे धुऊन एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. हे तुकडे १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून, पारदर्शक होईपर्यंत तापवा. हे काम शिक्षकांनीच, हातमोजे व चष्मा घालून करावे. तुकडे पाण्याने अनेकदा धुवा. मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के काळी शाई मिसळून त्यात तीन मिनिटे उकळा, आणि काही थेंब व्हिनेगर घातलेल्या पाण्यात धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. शाई-व्हिनेगरची ही पद्धत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली असून महागड्या रंगांची गरज त्यात पडत नाही. कांद्याच्या मुळात कवकतंतू रंगलेले दिसतील. मोहरीत बहुधा दिसणार नाहीत, कारण कोबी-मोहरीचे कुल हे मायकोरायझा नसलेल्या मोजक्या कुलांपैकी आहे. माती एकच, यजमान वेगळे.

दुसरा उपक्रम पावसाळ्यातला. निलगिरी आणि सुरूच्या मिश्र लागवडीत कोणती अळिंबी कोणत्या झाडाखाली येते ते मोजा. समजा, एकाच प्रकारच्या अळिंबीचे ४० गोळे निलगिरीखाली आणि १० सुरूखाली सापडले. मुले लगेच म्हणतील, ‘हिला निलगिरी आवडते!’ आता झाडे मोजायला सांगा. निलगिरी ८० आणि सुरू २० निघाले, तर दर झाडामागे प्रमाण सारखेच आहे आणि आवडनिवडीचा पुरावा नाही. जिथे अळिंबी नाही, ती झाडेही मोजावी लागतात. कोणतीही अळिंबी तोंडात घालायची नाही, ही सूचना मात्र आधी द्यावी.

सालाच्या जंगलात पावसाळ्याच्या तोंडावर उगवणारा बोडा म्हणजे जमिनीखालील एका मोठ्या व्यवहाराची छोटीशी पावती आहे. झाड लावताना आपण खड्डा, खत आणि पाणी यांचा विचार करतो. त्या मुळाला हवे असलेले कवक त्या मातीत आहे का, हा चौथा प्रश्नही आता आपल्या यादीत यायला हवा.